दोन ठोके

म्हाताऱ्या तेलविहिरींतलं उरलंसुरलं तेल वर यावं म्हणून कंपनीनं पुन्हा जमिनीत पाणी ढकलायचं ठरवलं. पाच वर्षं बंद पडलेला पंप चालू करायला जुना पंपवालाच बोलावला.

पाणी ज्या विहिरीत सोडायचं, ती पंपघरापासून बरीच लांब. पूर्वी तिथे त्याचे दाजी असायचे, ताईचा नवरा. ते पाइपावर पाना आपटून खूण करायचे. एक ठोका म्हणजे चालू कर, दोन म्हणजे बंद कर. पण माणूस थट्टेखोर. उगाचच दोन ठोके देऊन हसत बसायचे. त्या दिवशीही थट्टाच असेल म्हणून यानं आधी चहा संपवला. तेवढ्यात तिकडे दाब वाढून विहिरीचं झाकण उडालं आणि दाजी गेले.

"इथवर काही ऐकूच आलं नाही गं, ताई," असं त्यानं शपथ घेऊन सांगितलं होतं.

आज त्यानं पंप चालू केला, तेव्हा ताई त्याचा डबा घेऊन पंपघरात आली होती. विहिरीवर कोणीच नव्हतं.

पाइपातून दोन ठोके आले.

विचार करायच्या आधीच त्याच्या हातानं पंप बंद केला. घरघर थांबली. त्या शांततेत पुन्हा दोन ठोके आले, अगदी भिंतीपलीकडून.

ताईनं डबा हळूच खाली ठेवला.

"म्हणजे इथवर ऐकू येतं तर," ती म्हणाली.