यादोरावची कंबर

पुरातून लोकांना काढायला आलेल्या रबरी बोटीत चढताना यादोराव तिच्या फुगीर काठावरून उसळला आणि डाव्या अंगावर आपटला. तेव्हापासून पाऊस यायच्या दोन दिवस आधी त्याची कंबर ठणकायची. सात वर्षं गावानं धानाची रोपं लावायचा रोवणा तिलाच विचारून केला. त्र्याऐंशी साली त्याच्या बायकोनं, कुंताबाईनं, मोहाडीच्या बाजारातलं तेल चोळलं आणि दुखणं पार गेलं.

"वहिनी, काहून बरी केली कंबर?" शेजारचा जागेश्वर अंगणात येऊन भडकला. "धानाचे पऱ्हे वाफ्यातच पिवळे पडून राहिले! आता पान्याचं कोनाले विचारू?"

दुपारी गावानं ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये हवा भरली आणि यादोरावला उचलून तलावाकडे नेलं.

मागून कुंताबाई ओरडली, "डाव्याच अंगावर पाडा जी! उजव्याचा भरवसा नाही!"