मूळ अर्थ

क्लेमेंटीनची शवपेटी पुढच्या खोलीत ठेवली होती, आणि तिची एकुलती एक मुलगी ज्युली बाहेर अंगणात उभी होती. चार वर्षांपूर्वी ज्युलीने कॅथलिक चर्च सोडलं, स्वतःला 'बिलिव्हर' म्हणवणाऱ्या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांत गेली आणि कळंबच्या समुद्रात नव्याने बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशी बापाने, बेसिल मास्तरांनी, 'पाखंडी' म्हणून तिला दाराबाहेर काढलं, ते आजतागायत.

रेजिना मावशी दोनदा बोलावून गेली. "बाय, आत ये. मम्मीचं तोंड तरी बघ."

"पप्पांनी बोलवू दे," ज्युली म्हणाली.

शेवटी बेसिल मास्तर स्वतः पायऱ्या उतरले. जन्मभर मराठी शिकवलेला माणूस, पण 'चुकलो' एवढा तीन अक्षरी शब्द काही जिभेवर येईना. मग मास्तरांनी आपलं नेहमीचंच केलं. शिकवायला लागले.

"पाखंड हा मुळात वाईट शब्द नव्हे, ज्युली. मूळ शब्द पाषंड. अशोकाच्या काळी त्याचा अर्थ नुसता पंथ. कुठलाही. आपल्या सोपाऱ्यात ज्याचा शिलालेख सापडला ना, त्याच अशोकाने सगळ्या पाषंडांचा मान राखा म्हणून दगडावर कोरून ठेवलंय. शिवी तो मागाहून झाला."

अंगणातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. बायकोचं प्रेत घरात, आणि हा गृहस्थ व्युत्पत्ती सांगतोय! पण मास्तरांची नजर ज्युलीवरून हटत नव्हती. बिचारे मास्तर.

"तुम्ही मला पाखंडी म्हणालात, तेव्हा कुठला अर्थ होता?" ज्युलीने विचारलं.

आतून 'नमो मरिये'ची प्रार्थना ऐकू येत होती.

"शिवीचा," मास्तर म्हणाले.

ज्युलीचा चेहरा जरा निवळला. निदान खोटं तरी बोलले नाहीत.

"आणि हा मूळचा अर्थ तुम्हाला कधीपासून माहीत होता?"

"पहिल्यापासून. दरवर्षी दहावीच्या वर्गाला सांगायचो."

"मम्मीला कधी सांगितलात?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. मग एकदम त्यांचा बांध फुटला. "ती फार भ्यायली होती गं. तू नरकात जाशील म्हणून रोज रडायची. जाईपर्यंत तेच."

ज्युलीने डोळे पुसले आणि बापाचा हात धरला.

"पेटीचं झाकण अजून लावलं नाहीये," ती म्हणाली. "चला. तिला सांगा."