हातात काच असताना

दुकानाच्या दारात त्या दोघी उभ्या राहिल्या आणि काचवाल्याने त्यांना लगेच ओळखलं. एक बाई आणि तिची मुलगी. महिन्यापूर्वी त्याच्या लेकीने शाळेत ओठ फोडला होता तो ह्याच मुलीचा.

लेक मागच्या टेबलाशी काच कापत होती. वय पंधरा, पण हात असा बसलेला, की हिऱ्याने रेघ मारून जरा दाबलं की पट्टी सरळ सुटायची. रागाचं मात्र तसं नव्हतं. तो कधी कुठून तडकेल, देव जाणे! कुणी हसलं की आपल्यालाच हसलं, कुणाचा धक्का लागला की मुद्दामच मारला, हे तिच्या डोक्यात पक्कं. त्या दिवशीही ही मुलगी नुसती हसली होती म्हणे. मुख्याध्यापिकेने काचवाल्याला समोर बसवून सांगून टाकलं होतं, "आता एक तक्रार आली, की दाखला हातात."

"आमचे हे परवा फोटो देऊन गेलेत. फ्रेम झाली का हो?" बाईने विचारलं. मग तिची नजर मागच्या टेबलाकडे गेली आणि चेहराच उतरला. दुकान कुणाचं आहे ते तिला आत्ता कळत होतं.

"झालीय, झालीय. दोनच मिनिटं." काचवाला फ्रेम कागदात गुंडाळायला लागला. दोरी सापडेना. सापडली तर गाठ बसेना.

लेकीने वर पाहिलं. ओळख न देता पुन्हा मान खाली घातली, पण आवळलेला जबडा बापाला दिसलाच. तो जबडा तो चांगला ओळखून होता.

तेवढ्यात ती मुलगी मोबाइलमध्ये काहीतरी बघून फिसकन हसली.

हसू नकोस गं बाई, काचवाला मनात म्हणाला. हसायला अख्खं जग पडलंय, इथे नको हसू.

मुलीने मोबाइल खिशात टाकला आणि भिंतीवरच्या वरच्या फ्रेमा बघत ती एकेक पाऊल मागे सरकू लागली.

लेक उठली. हातात वीतभर काचेची पट्टी. टेबलाला वळसा घालून ती तडक त्या मुलीच्या दिशेने निघाली. भराभर. तोंडातून शब्द नाही.

त्या दुकानात एक नियम होता. काचवाल्यानेच तो लेकीला पहिल्या दिवशी शिकवला होता. हातात काच असलेल्या माणसाला मागून हात लावायचा नाही. आभाळ कोसळलं तरी नाही.

त्याने झेप घेतली आणि मागून तिचं मनगट पकडलं. "ठेव ती! आधी खाली ठेव!"

पट्टी तिच्या मुठीतच मोडली. फरशीवर रक्त टपटपायला लागलं.

"अगं बाई गं!" बाई किंचाळली. "काच घेऊन अंगावर आली माझ्या पोरीच्या! मुलगी आहे की कोण आहे ही! आता शाळेतच जाते मी, थांबा!"

लेकीची बाजू घ्यायला काचवाल्याने तोंड उघडलं. पण त्याला स्वतःलाही तेच वाटलं होतं.

"चुकलं तिचं, ताई," तो म्हणाला. "पाया पडतो तुमच्या. शाळेत तेवढं नका सांगू."

लेकीने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते दुखऱ्या हाताचं नव्हतं.

"आई, थांब गं जरा." ती मुलगी जागची हलली नव्हती. मान वळवून मागे बघत होती. भिंतीला टेकवलेल्या मोठ्या काचेचा कोपरा तिच्या पोटरीपासून दोन बोटांवर होता. सकाळी घाईघाईत काचवाल्यानेच ती काच तशी तिरकी ठेवली होती. "हे बघ. आणखी एक पाऊल मागे गेले असते तर पाय गेला असता माझा. ती मारायला नव्हती येत. मला ओढायला येत होती."

बाईने काच बघितली. मग फ्रेम उचलली, मुलीचा दंड धरला आणि पायऱ्या उतरली. शाळेचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

काचवाला फडकं शोधून लेकीपाशी आला. तिने ते त्याच्या हातातून घेतलं आणि स्वतःच तळव्याला गुंडाळू लागली.

"अगं, पण तोंडाने बोलायचंस ना! 'सरक' म्हणायला काय जात होतं?"

"आम्ही बोलत नाही एकमेकींशी."

"बरं, नाही बोलत. पण मग तुझ्या मनात काय आहे ते मला कसं कळणार?"

लेकीने फडक्याचं टोक दातात धरलं आणि गाठ आवळली.

"तिला कळलं, बाबा."