गावदेवीची शपथ

"बोल, गाडी दादू चालवत होता," हरेशशेठ म्हणाला.

तो गावदेवीच्या देवळाच्या वरच्या पायरीवर उभा होता. खाली अंगणात देवजी ओंजळ पसरून उभा. शेठनं गाभाऱ्यातून आणलेला अंगारा आणि नारळाची शकलं वरूनच त्या ओंजळीत टाकली.

"गाडी दादू चालवत होता," देवजी म्हणाला. "कोर्टात ह्येच बोलीन. देवीची शपथ."

कुंपणापाशी उभ्या असलेल्या रोहिणीच्या अंगाची लाही लाही झाली. हा आपला बाप? बायकोला चिरडणाऱ्या पोराला सोडवायला हा देवीचा अंगारा हातात घेतो?

ठकी, रोहिणीची आई, कर्नाळ्याच्या उताराला हायवेच्या कडेनं रानभाजीची पाटी घेऊन बसायची. त्या सकाळी हरेशशेठचा मुलगा हृतिक हळदीला रात्रभर पिऊन, नाचून तसाच गाडी घेऊन निघाला. गाडी रस्ता सोडून थेट पाटीवर आली. देवजी चार हातांवर भाजीच्या जुड्या बांधत होता. हृतिक स्टिअरिंगमागून उतरला आणि उतरताच कोलमडला. तोंडाला भपकारा येत होता. देवजीनं हे सगळं पोलिसांना सांगितलं, खाली अंगठा दिला.

मग नाटक सुरू झालं. हृतिकचं रक्त तपासायला घेतलं दुसऱ्या दिवशी. तोवर त्यात दारू कुठली सापडायला? वर शेठचा पगारी ड्रायव्हर दादू छाती पुढे काढून म्हणाला, गाडी मी चालवत होतो, ब्रेक लागले नाहीत. म्हणजे ठकीला मारलं ते दारूनं नाही, ब्रेकनं. चोर तो चोर, वर शिरजोर. आता खटला उभा होता तो एकट्या देवजीच्या जबाबावर. देवजी फितूर झाला की हृतिक मोकळा.

वाडीची जागा शेठची. आधी त्यानं झोपडं उठवायची धमकी दिली, मग जागा नावावर करून देतो म्हणाला. पण देवजीच्या नुसत्या शब्दावर त्याचा भरवसा नव्हता. "ही कातकरी माणसं कोर्टात ऐनवेळी काहीही बरळतात," तो म्हणायचा, "पण देवाला टरकून असतात." म्हणून ही शपथ.

आणि तेवढ्यात तरी तो चुकला नव्हता. देवजी शपथेचा पक्का. ठकीच्या हट्टापायी त्यानं रानातल्या वाघदेवाच्या दगडावर हात ठेवून दारू सोडली होती. त्यानंतर होळीलासुद्धा थेंब घेतला नाही. ठकीला माती दिली त्या दिवशीही नाही.

घरी आल्यावर रोहिणीनं भाकरीची परात आपटली.

"आयेला इकलीस तू, बा."

देवजी चूल फुंकत राहिला. दारात शेठचा माणूस विडी ओढत बसला होता. शपथ झाल्यापासून तो तिथून हलला नव्हता.

"त्याच देवळाला तुमी दोघांनी रेती वाहिली," रोहिणी म्हणाली. "आयेच्या डोक्याची कातडी सोलली. आन जेवण वाढलं कुठं? रस्त्याच्या पल्याड, धुरळ्यात. त्या देवीसाठी तू आता खोटं बोलणार?"

"शपथ घेतली की घेतली."

"मोड."

"शपथ मोडत नसतात, पोरी."

त्यापुढे ती त्याच्याशी बोलली नाही. खारघरच्या टॉवरमध्ये जिने पुसताना तिच्या डोळ्यांसमोर बापाची ती पसरलेली ओंजळ यायची. परक्यांनी दगा दिला तर माणूस शिव्या तरी घालतो. बापाला काय घालायचं?

साक्षीच्या दिवशी देवजी सकाळीच उठून वाघदेवाकडे जाऊन आला. कपाळाला शेंदूर होता. माफी मागून आला असेल, रोहिणीला वाटलं. लाज तरी शिल्लक आहे म्हणायची.

मिनीडोर रिक्षातून ती दोघं पनवेलच्या कोर्टापाशी उतरली. हृतिक पांढऱ्या कडक शर्टात भिंतीला टेकून मोबाइल बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काळजीची रेघ नव्हती. शेठनं देवजीच्या पाठीवर हात ठेवला.

"देवी बघतेय हां, देवजी."

"व्हय शेठ."

आत सरकारी वकिलानं विचारलं, "त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं?"

रोहिणीनं डोळे मिटून घेतले.

"ह्यो," देवजीचा आवाज आला.

तिनं डोळे उघडले. देवजीचं बोट सरळ हृतिककडे होतं.

"ह्योच चालवत व्हता. उतरला तर उभं राहवंना. दारू प्याला व्हता. दादू तितं नवताच, तो मागनं आला दुसऱ्या गाडीनं."

शेठच्या वकिलानं घोळून घोळून विचारलं. धमकावलं, गोड बोलला, पुन्हा धमकावलं. देवजी तसूभर हलला नाही. हृतिकचा मोबाइल केव्हाच खिशात गेला होता.

बाहेरच्या व्हरांड्यात शेठनं देवजीची वाट अडवली. तोंड काळंठिक्कर पडलं होतं त्याचं.

"झोपडं तर राहत नाही तुझं," तो दात खाऊन म्हणाला. "पण त्याहून वाईट होईल. गावदेवीची शपथ मोडलीस तू. निर्वंश होईल तुझा."

आनंदात रोहिणी ती शपथ विसरूनच गेली होती. तिनं बापाचा दंड घट्ट धरला.

देवजीनं कपाळावरचा शेंदूर बोटानं चाचपला.

"मी शपथ मोडली नाय, शेठ," तो शांतपणे म्हणाला. "माजी शपथ आज सकाळची, वाघदेवाची, खरं बोलायची. तुमची देवी तर मी कवा पायलीच नाय. तिची पायरी तुमी मला कदी चढू दिलीत?"