रिकाम्या पोर्चमधलं लिंबू

दसऱ्याच्या सकाळी आल्हादरावांनी रिकामं पोर्च धुतलं आणि सवयीनं पुढच्या चाकाच्या जागी लिंबू ठेवलं. पूजा झाली की गाडी त्यावरून न्यायची, ही घरची रीत.

पण गाडीच नव्हती. बावीस वर्षं जिवापाड सांभाळलेली निळी झेन त्यांनी बायकोच्या, अंजनीच्या हट्टापायी महिन्याभरापूर्वी विकली होती. रिछाईच्या भंगारवाल्यानं तिचे तुकडेही केले होते. आल्हादराव स्वतः बघून आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

"हे काहून करून राहिले? गाडी कुठं आहे आता?" अंजनी म्हणाली. तरी नवऱ्याचं मन मोडवेना, म्हणून ती औक्षणाचं ताट घेऊन आली आणि दरवर्षीसारखी बंद फाटकाला पाठ लावून उभी राहिली.

"चलो, ओवाळ," आल्हादराव कसंनुसं हसले.

तिनं ताट उचललं, तोच लिंबू फुटलं.

गाडी न्यूट्रलमध्ये ढकलल्यावर फुटतं तसं, सावकाश, दाबत दाबत. आल्हादराव वाकले. चपट्या सालीवर टायरची नक्षी उमटली होती.

रसाची ओली रेघ त्यांच्या डोळ्यांदेखत बोटाबोटानं फाटकाकडे लांबत चालली होती.

"अंजनी, बाजूला हो!"

ती हलली नाही.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "सरकताच नाही येऊन राहिलं. गुडघ्यांना काहीतरी गरम टेकलं आहे."