शेवटचं वाजवणं

बाईंनी टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला, कॅसेट आत सरकवली आणि बटण दाबायच्या आधीच त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

"वहिनी, तुम्ही नाही ऐकणार?" समीक्षकाने विचारलं.

"तुम्ही ऐका. मला त्यातलं कळत नाही. तुम्हाला कळतं म्हणून तर बोलावलं."

समीक्षकाने बटण दाबलं. आधी नुसती खरखर, मग कुणीतरी छाती भरून घेतलेला श्वास. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. ज्याचा हा श्वास होता, तो माणूस जाऊन अकरा महिने झाले होते.

जॅझच्या मंडळींत त्या सॅक्सोफोनवाल्याला सगळे फुंकर म्हणायचे. बावीस वर्षांपूर्वी त्याची पहिलीच रेकॉर्ड आली, तेव्हा समीक्षक तरुण होता, वर्तमानपत्रात नुकताच रुजू झाला होता, आणि नाव व्हायची त्याला घाई होती. कचेरीच्या गोंगाटात त्याने ती रेकॉर्ड एकदा ऐकली आणि तासाभरात लेख हातावेगळा केला. शेवटी लिहिलं, 'या माणसाकडे दमसास आहे, पण सांगण्यासारखं काही नाही.'

वाक्य गाजलं. लोक ते एकमेकांना म्हणून दाखवत. संपादकांनी पाठ थोपटली. रेकॉर्ड मात्र कंपनीने दुकानांतून परत मागवली आणि फुंकर कुठल्याच कार्यक्रमात पुन्हा दिसला नाही.

समीक्षक पुढे मोठा झाला, त्याची पुस्तकं निघाली. मग गेल्या वर्षी एका सकाळी चहा पिता पिता निधनवार्तांत त्याला फुंकरचा फोटो दिसला. खाली लिहिलं होतं, 'ग्रंथालयातील निवृत्त कर्मचारी.' सॅक्सोफोनचा उल्लेखसुद्धा नव्हता.

तेव्हापासून त्याचं काहीतरी बिनसलं. रेडिओवर सॅक्सोफोन लागला की तो बंद करायचा. जिना चढताना स्वतःलाच धाप लागली तरी थांबून मागे वळून बघायचा. बायको म्हणाली, "डॉक्टरांना दाखवा." डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे.

आणि मग बाईंचं, म्हणजे फुंकरच्या बायकोचं, दोन ओळींचं पत्र आलं. 'ह्यांचं शेवटचं वाजवणं माझ्याकडे आहे. आपण ऐकावं अशी इच्छा आहे.'

कॅसेट बाहेर द्यायला त्या तयार नव्हत्या. म्हणून तो तीन दिवस रोज दुपारी येत राहिला.

पहिल्या दिवशी त्याला नीट ऐकताच आलं नाही. दोन सुरांच्या मधे तो श्वास यायचा, इतका जवळून, की खुर्चीमागे कुणी उभं आहे असं वाटे. दुसऱ्या दिवशी मात्र तो पेन खाली ठेवून नुसता बसून राहिला. तिसऱ्या धुनेत खालचा एक सूर लांबत जायचा, विरत विरत तुटायच्या बेताला यायचा, आणि वाजवणारा ते तुटणं लपवत नव्हता. तसाच, कापऱ्या आवाजात, पुढचं वाक्य बोलत होता. इतकं उघडं वाजवणं समीक्षकाने आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

"पियानोवर कोण आहे?" त्याने स्वयंपाकघराकडे बघत विचारलं.

"त्यांचा मित्र. तोही आता नाही."

"कधी वाजवलं हे?"

आत भांड्यांचा आवाज थांबला. "कॅसेटवर तारीख नाही घातलेली त्यांनी. तुम्हाला कसं वाटलं ते सांगा ना."

तिसऱ्या दिवशी तो लेख लिहूनच आला. बाई हात पुसत बाहेर आल्या आणि त्याच्यासमोर बसल्या. त्याने वाचायला सुरुवात केली. या वादनाला तोड नाही, असं त्याने लिहिलं होतं. हा कलावंत टीकेने खचला नाही, ती पचवून घराच्या चार भिंतींत वर्षानुवर्षं झिजला आणि कुणी ऐकत नसताना थोर झाला, असं लिहिलं होतं. 'त्या जुन्या रेकॉर्डमध्ये ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, त्याला इथे सगळंच सांगायचं आहे.' हे वाक्य वाचताना त्याचा आवाज मोकळा झाला. वर्षभर छातीवर बसलेलं ओझं उतरल्यासारखं त्याला वाटलं. म्हणजे आपला तो लेख अगदीच वाया गेला नव्हता.

कागद खाली ठेवून त्याने वर पाहिलं. बाई त्याच्याकडे टक लावून बघत होत्या.

"खरंच एवढं चांगलं आहे?"

"वहिनी, असं वाजवणारा माणूस एका पिढीत एखादाच होतो."

"माझ्या समाधानासाठी नाही ना म्हणत?"

"मी खोटं कधी लिहीत नाही."

"हो," बाई म्हणाल्या. "मीही तेच म्हणाले होते त्यांना. तुमचा लेख आला त्या सकाळी. ते म्हणत होते, याने नीट ऐकलेलं नाही. मी म्हटलं, एवढा जाणकार माणूस उगाच कशाला लिहील? पुरे झालं, सोडा आता हा नाद."

समीक्षकाने खाली ठेवलेला कागद पुन्हा हातात घेतला.

"त्यांनी ऐकलं माझं. त्याच आठवड्यात सॅक्सोफोन कुणाला तरी देऊन टाकला. पुन्हा हात म्हणून लावला नाही."

"पण मग..." त्याने टेपरेकॉर्डरकडे बोट केलं. "मग हे कधीचं?"

"तुमच्या कचेरीत जी रेकॉर्ड आली होती ना," बाई म्हणाल्या, "तीच ही."