गोडबोल्या

अग्निशमन केंद्रात फोन घेणाऱ्या त्याला सगळे गोडबोल्या म्हणत. भाजल्या बोटावर फुंकर घालावी तसा त्याचा आवाज. पलीकडे कितीही रडारड चाललेली असो, तो बोलू लागला की माणूस निदान श्वास तरी घ्यायचा.

त्या दुपारी कापडाच्या गोदामाने पेट घेतला आणि केंद्रातल्या सगळ्या गाड्या तिकडे धावल्या. "आता मागचं सगळं तुझ्या जिभेवर रे बाबा!" जाता जाता ड्रायव्हर ओरडला. मागे उरलं रिकामं आवार, ओली फरशी आणि हा एकटा. शेजारच्या केंद्राला विचारलं, तर तिथल्याही गाड्या गोदामावरच गेलेल्या.

तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, मी बोलतेय. आपल्या खालच्या घराला आग लागलीय. जिन्यात धूर कोंडलाय. आईंना अंथरुणातून उचलून कुठून नेऊ?"

त्याने रिकाम्या आवाराकडे पाहिलं. आवाज मात्र सवयीने मऊ झाला. "दार लावून घे. फटीत ओले टॉवेल कोंब. आईला खिडकीपाशी ओढत ने. आणि घाबरू नकोस, गाडी निघालीच आहे."

पलीकडे नळ सुटल्याचा आवाज आला. मग खोकला.



"आईंना मी तेच सांगते," ती हळूच म्हणाली, "पण अहो, गाडी नसली की लोकांना असं सांगायचं असतं, हे मला तुम्हीच सांगितलं होतं ना?"